दहाव्या तव्यापासून

"सांभाळ गं ताई, पाणी आहे हं!"

आत्या बादली घेऊन शेडच्या दारात आली मात्र, मास्तरने ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं. वहिनी फिसकन हसली. आत्याही हसली. अठ्ठेचाळीस वर्षं ती या वाक्याला हसत आली होती. आता पासष्टाव्या वर्षी रुसून बसायचं म्हणजे घराला आणखी एक किस्सा पुरवायचा. तिने बादली खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि धाकट्या भावाकडे बघून म्हटलं, "मास्तर, शाळेतनं निवृत्त व्हायला आलास, आता तरी नवीन विनोद शीक."

थोरला दादा, वहिनीचा नवरा, तेवढा हसला नाही. या वाक्याला तो कधीच हसत नसे, आणि ते त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलंही नव्हतं. या घरातली पोरं बोलायला लागली की 'आई', 'बाबा'नंतर हेच शिकत. जेवायला बसताना आत्याच्या हाती तांब्या दिसला की कुणी ना कुणी म्हणायचंच, "सांभाळ, पाणी आहे." दादा मात्र ताटात बघत राही. आत्याने ही गोष्ट मनाशी जपून ठेवली होती. बाकी जग हसो, थोरला भाऊ असावा तर असा, असं ती मैत्रिणींना सांगायची.

तर शेड. उद्या सकाळी दहाला किल्ल्या नव्या मालकाच्या हातात जायच्या होत्या. वडिलांनी, आप्पांनी, उभी केलेली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, भट्टी बंद पडून जमाना झाला. वाळूचे साचे, साखळ्या, भाता, सगळं एकेक करून गेलं होतं. उरला होता मागचा कोपरा आणि त्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एकावर एक रचलेले चोवीस तवे. गंजून एकमेकांना असे चिकटलेले, की तवे आहेत हे सांगावं लागावं. चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो यायचा होता, म्हणून सगळी भावंडं सकाळपासून जमली होती.

त्या तव्यांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आत्या तेव्हा सतरा वर्षांची. भट्टीत मुलींना वितळलेल्या रसाजवळ फिरकायची बंदी. तिचं काम साच्यातून निघालेल्या तव्यांची वाळू झाडायची, कडा कानशीने घासायच्या आणि तेल पुसायचं. जहाजावरच्या भटारखान्याची ऑर्डर आली होती. आप्पांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी, आणि जहाजाची एकुलती एक. दुपारी ओतलेले तवे चारला साच्यातून निघाले, पाचला न्यायला गाडी यायची, आणि तवे अजून हात लावू देईनात. पोरीने काय करावं? बादलीभर पाणी आणून रांगेवर ओतलं. टण् असा आवाज झाला. आप्पा धावत आले. पुढचे तीन तवे उचलून पाहिले, तिन्हींवर चिरा. मग त्यांनी चौथा उचललाच नाही. भट्टीचा नियमच होता तसा: एका ओतीतला एक तवा फुटका, तर सगळी ओत फुटकी. "पाणी कोणी ओतलं?" त्यांनी विचारलं. तिने हात वर केला. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून तिला शेडमध्ये येऊ दिलं नाही. जहाज गेलं, ऑर्डर गेली, भट्टीचं नाव गेलं. ती टेलिफोनच्या ऑफिसात लागली आणि पस्तीस वर्षं लोकांना लोकांशी जोडून देत राहिली.

म्हणूनच आज तिला टेम्पोची घाई होती. एकदा तो ढीग गेला की गोष्ट गेली, असं तिला वाटत होतं.

"आत्या, इकडे ये! लवकर! अगं लवकर ना!"

ही ठिणगी, मास्तरची लेक. घराघरांतून वायरिंग करत फिरणारी. तिच्या हातून पहिल्यांदा फ्यूज उडाला त्या दिवशी पडलेलं नाव तिने अभिमानाने दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं होतं. ती पहाटेच आली होती म्हणे. शेडच्या मागच्या उघड्या अंगणात तिने प्लॅस्टिकचा मोठा टब मांडला होता. टबात पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा, एका बाजूला जुना लोखंडी पत्रा, मधोमध तारेला टांगलेला तवा. गाडीची बॅटरी भरायच्या चार्जरची एक वायर पत्र्याला, दुसरी तव्याला. पाण्यावर तांबूस घाण फेस चढला होता आणि तव्याच्या अंगावरून बारीक बुडबुडे सुर्रकन वर येत होते.

"हे काय भुताटकी मांडलीस?" आत्या म्हणाली.

"भुताटकी नाही, वीज. गंज तव्याला सोडून निघतो. सहा तास झाले. बघ तरी!"

"कुठला तवा हा?"

"त्यातलाच एक. सगळ्यात खालचा. पहारीने सोडवला."

आत्या टबापासून मागे सरली. "कशाला गं ते उकरायचं? जाऊ दे ना भंगारात."

"मी तेच म्हणतो," दादा मागून म्हणाला. तो कधी आला कळलंच नाही. "फुटका माल आहे. फुटक्याला काय घासायचं? पालथ्या घड्यावर पाणी." एवढं बोलून त्याने खिशातून सिगारेट काढली आणि काडीपेटी हातात घेतली.

"काका! काडी ओढू नका! गॅस निघतोय त्यातनं!"

दादाने काडीपेटी अशी टाकली, जणू तिनेच त्याला चावा घेतला. ती नेमकी टबात पडली. वहिनी पोट धरून हसायला लागली. "आयुष्यात पहिल्यांदा यांनी कुणाचं ऐकलं! पोरी, तुझं तोंड गोड करते."

आता इथे बाजू कशा पडल्या होत्या बघा. दादा आणि आत्या, ज्यांचं टीव्हीच्या आवाजापासून शेडच्या गिऱ्हाइकापर्यंत कशातच पटत नसे, ते दोघं एकीकडे: ढीग जाऊ दे. ठिणगी, वहिनी आणि मास्तर दुसरीकडे: बघू तरी काय निघतं. मास्तरला तव्याशी घेणं नव्हतं. पण प्रयोग म्हटला की त्याच्यातलं पोर जागं व्हायचं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि टबावर ओणवा झाला.

"काढ बाहेर. सहा तास पुष्कळ झाले."

ठिणगीने आधी प्लग काढला, मग तवा उचलला. त्याच्यावर काळा चिखल होता नुसता. तिने तो नळाखाली धरला, ब्रशने खसाखसा घासला आणि चिखल ओघळून गेला. आत राखाडी, स्वच्छ बीड दिसलं. इतकं स्वच्छ की दादा सोडून चौघांच्याही तोंडून एकदम "अरेच्चा!" निघालं. पाठीवर, मुठीच्या बाजूला, काडीने काढलेला आकडा वर आला: चार.

"हे आप्पांचं," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "वाळूचा साचा मिटायच्या आधी ते काडीने आकडा काढायचे. ओतायच्या क्रमाने. पहिला तवा एक, दुसरा दोन."

"आत्या, हा फुटलेला नाहीये," ठिणगी म्हणाली.

"असेल कुठेतरी. नीट बघ."

"बघितला. चीर नाही. केसाएवढीसुद्धा नाही."

आत्याने तवा हातात घेतला. अठ्ठेचाळीस वर्षांनी. जड होता, पण मूठ तळव्यात नेमकी तिथेच बसली जिथे बसायची. तिने तो एका बोटावर अडकवून लोंबता धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टकटक केलं. भट्टीत प्रत्येक तव्याला असं विचारत. फुटका तवा बद्द बोलतो.

तवा खणखणला. अंगणभर खणखणला, आणि मग बराच वेळ गुणगुणत राहिला.

"खणखणीत आहे की!" वहिनी ओरडली. "वन्सं, अहो खणखणीत आहे हा!"

"एखादा वाचला असेल," दादा म्हणाला. "पाणी सगळ्यांवर सारखं थोडंच पडतं. चला, टेम्पो यायची वेळ होत आली."

"तीन वाजलेत दादा. चारला येणार आहे तो."

"हो, पण उचलायला वेळ लागेल ना. तू पण म्हणालीस जाऊ दे म्हणून."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या तव्याकडे. तिच्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं होतं. ती भीती नव्हती. टेलिफोनच्या बोर्डावर एखादी लाइन लागता लागता लागायची, पलीकडून अस्पष्ट 'हॅलो' यायचा, तेव्हा असं व्हायचं.

"मी म्हणाले होते," ती म्हणाली. "आता नाही म्हणत. ठिणगे, बाकीचे काढ."

"सगळे? आत्या, एकेकाला सहा तास लागतात!"

"अख्खे नको साफ करूस. तुझ्या त्या ड्रिलला तारेचा ब्रश लागतो ना? पाठीवरचा आकडा दिसू दे आणि मधला भाग उघडा होऊ दे. बस."

"काय करायचंय तुला?" मास्तरने विचारलं.

"मलाही ठाऊक नाही रे. पण बघायचंय मला. आप्पांनी तीनच पाहिले होते. एकवीस तवे या घरात कुणी पाहिलेच नाहीत, आणि मी मात्र आयुष्यभर चोवीसांची धनीण!"

मग जी झुंबड उडाली म्हणता! ठिणगीने डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर फडकं बांधलं. ड्रिलचा ब्रश फिरायला लागला तसा लाल धुरळा उडाला. मास्तर पहारीने तवा सोडवायचा, वहिनी उचलून द्यायची, आत्या फडक्याने पुसायची. सत्तरीला टेकलेली वहिनी दोन दोन किलोचे तवे असे उचलत होती जसे काही पापडच. अधूनमधून ती फाटकाकडे बघायची आणि हसायची.

"काय हो काकू, फाटक बघून हसू येतंय का?" ठिणगीने ड्रिल थांबवून डिवचलं.

"येणारच! इथेच तर माझी सायकलची चेन पडली होती."

ही घरातली दुसरी पाठ गोष्ट. पाण्याची गोष्ट जेवणावर निघायची, ही लग्नकार्यात. वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांची, पलीकडच्या शिलाई कारखान्यात कामाला. फाटकापाशी चेन पडली. आतून काळ्या हातांचा एक उंच मुलगा आला आणि चेन बसवायला लागला. दोन मिनिटांचं काम, त्याने चांगला पाव तास लावला.

"मी म्हटलं, अहो, तुमचं आत काम खोळंबलं असेल," वहिनी सांगत होती आणि हात चालत होते. "तर हे काय म्हणाले?"

मास्तर आणि ठिणगीने एका सुरात ठोकून दिलं, "जहाज काय पळून जातंय का!"

सगळे हसले. दादा हसला नाही. तो उलट्या ठेवलेल्या पिंपावर जाऊन बसला होता आणि न पेटवलेली सिगारेट बोटांत फिरवत होता.

"सतरा!" ठिणगी ओरडली. "आत्या, हा घे. सतरावर रेघ आहे बघ, आरपार!"

 म्हणजे होतीच तर चीर. उगाच आशा लावून बसलो आपण, म्हातारपणी हात दाखवून अवलक्षण. तिने तवा उजेडात नेला. मधोमध एक वाकडी रेघ होती. तिने नख लावलं.

नख अडकलं नाही.

तिने पुन्हा लावलं. मग डोळे मिटून बोटाचं टोक फिरवलं. आप्पा तिच्या मागे उभे राहून सांगत असल्यासारखं सगळं आठवलं. बारा वर्षांची होती ती तेव्हा. चिरेला दात असतात पोरी, नखाला चावते. आणि ही बघ, ही चीर नव्हे, ही घडी. रस थंडावला की दोन बाजूंनी आलेली धार एकमेकींना भेटते पण मिसळत नाही. दुधावरच्या सायीला घडी पडते ना, तशी. कड गोल राहते. पाण्याचा दोष नव्हे हा. ओतणाऱ्याचा.

"दात नाहीत," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "दात नाहीत हिला! मास्तर, नख लाव! वहिनी, तुम्ही लावा! गोल आहे कड! ही फुटलेली नाहीच, ही अशीच ओतली गेलीय!"

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे साच्यात असतानाच बिघडली! मी पाणी ओतायच्या आधीच! रस थंड होता, वहिनी!"

मास्तरने कपाळावरचा चष्मा खाली आणला. "थांब, थांब. घाई नको. सगळे आकड्याने लावू. एकापासून." आणि हा पोक्त माणूस गुडघ्यांवर बसून अंगणात तव्यांची रांग मांडायला लागला. ठिणगी ब्रश मारायची, आकडा पुकारायची, "बावीस! घडी!" "दोन! खणखणीत!" आत्या नख लावायची, पेराने वाजवायची. चार वाजता टेम्पो आला, हॉर्न वाजला, भंगारवाला उतरून आत आला आणि हा तमाशा बघून तिथेच उभा राहिला.

"नेऊ का माल?" त्याने विचारलं.

"हात लावलास तर बघ!" आत्या आणि वहिनी एकदम म्हणाल्या. तो बिचारा पायरीवर बसला. थोड्या वेळाने तोही आकडे मोजायला लागला.

शेवटचा तवा लागला तेव्हा मास्तर उठून उभा राहिला. त्याचा सदरा गंजाने लाल झाला होता.

"एक ते नऊ," तो म्हणाला, "एकालाही घडी नाही. दहापासून चोवीसपर्यंत, पंधराच्या पंधरा, घडी. एकही अपवाद नाही. पाण्याने फुटले असते तर वाटेल तो फुटला असता. हे ओतायच्या क्रमाने बिघडलेत. नऊ ओतून झाले, मग काहीतरी झालं, रस निवला, आणि तोच रस पुढे ओतला गेला. आप्पांनी उचललेले तीन यातलेच असणार; तापल्या तव्याला नख कुठून लावणार, टण् ऐकून रेघेलाच चीर समजले."

"आणि हा सहा?" ठिणगीने विचारलं. "याला रेघ आहे की. नख अडकतंय."

आत्याने सहा नंबरचा तवा घेतला. वाजवला. बद्द. नख लावलं, चावली चीर, चांगली करकरून चावली. आणि आत्याला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"हा माझा! हा मी फोडला. टण् वाजलेला तो हाच. एकच वाजलं होतं रे, मी तेव्हाही म्हणत होते की एकच टण् ऐकलं! कुणी ऐकून घेतलं नाही. चोवीसातला एक. एक तवा फोडला मी जन्मात!"

तिने तो फुटका तवा छातीशी धरला. मग तिला सुचलं ते तिने विचारलं. मुद्दाम नव्हे, सरळ मनाने विचारलं.

"पण त्या दिवशी ओतलं कुणी होतं? आप्पा तर दुपारी कोळसा आणायला गेले होते."

 ड्रिल बंद होतं. पायरीवर भंगारवाला खोकला आणि खोकून ओशाळला.

वहिनी रांगेकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. "जहाज काय पळून जातंय का," ती स्वतःशीच म्हणाली, यावेळी हळू. मग पुन्हा, "जहाज." आणि मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो. कुठलं जहाज?"

दादा पिंपावर बसूनच होता.

"आप्पांकडे जहाजाची ऑर्डर एकदाच आली होती ना? मग तुम्ही मला म्हणालात ते जहाज कुठलं? माझी चेन बसवत होतात तेव्हा रस कुठे होता?"

"भांड्यात, साखळीला टांगलेला," दादा म्हणाला. त्याला मान वर करता आली नाही. "नऊ ओतून झाले होते. फाटकातून तू दिसलीस. म्हटलं दोन मिनिटं. परत आलो तर रसाचा पिवळा रंग जाऊन केशरी झाला होता. मला दिसलं. परत तापवायला तास गेला असता आणि आप्पा येतच होते. एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा भांडं माझ्या एकट्याच्या हाती दिलं होतं त्यांनी. ओतून टाकला."

"आणि चिरा निघाल्यावर?" मास्तरने विचारलं.

"मला वाटलं आता मरतो. तेवढ्यात आप्पांनी विचारलं, पाणी कोणी ओतलं, आणि चिमीने हात वर केला." त्याने पहिल्यांदाच बहिणीकडे पाहिलं. "तू हात वर केलास, म्हणून मी माझा खाली ठेवला, चिमे. रोज म्हणायचो उद्या सांगीन. मग तुला नोकरी लागली, आप्पा गेले, आणि ती गोष्ट हसण्यावारी गेली. म्हटलं, आता हसतातच तर हसू दे."

"हसतातच तर!" वहिनी कडाडली. "अहो, प्रत्येक लग्नात मी ती चेनची गोष्ट सांगते, लोकांना चहा पाजून सांगते, आणि माझ्याच गोष्टीत वन्संचा बळी होता? मला वाटायचं कुठेतरी पाणी मुरतंय, हा माणूस माझी गोष्ट ऐकताना उठून का जातो! इतक्या वर्षांचा संसार आणि ताकाला जाऊन भांडं लपवलंत! बोला काहीतरी वन्संशी, पिंपावरनं उतरा आधी!"

दादा पिंपावरून उतरला. 

आत्याला खूप राग आला. म्हणजे यायला हवा तेवढा आलाच. ते शेडचं दार, ती पस्तीस वर्षं, आप्पा जाताना तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत गेले तेही आठवलं. पण गंमत अशी की त्या रागाच्या वर, दुधाला ऊत यावा तसा, भरभरून आनंद आला. तेवीस तवे तिने फोडले नव्हते! तेवीस! तिला रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. ती ठिणगीकडे वळली.

"तो चार नंबर आण. ओला ठेवलास तर दहा मिनिटांत परत गंजेल. शेगडी आहे ना आत? तेल कुठलंही चालेल. आणि सुती फडकं."

"मी लावते तेल, आत्या."

"तू नाही. तू चोपडशील, मग चिकट बसेल. हे माझं काम आहे."

तिने तवा शेगडीवर कोरडा केला, चमचाभर तेल टाकलं आणि फडक्याने आतबाहेर, मुठीला, कडेला, आकड्यातसुद्धा चोळलं. मग दुसरं कोरडं फडकं घेऊन सगळं पुसून काढलं. तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत पुसायचं, हा भट्टीचा धडा. शेगडीवर तवा तापला, हलका धूर निघाला, राखाडी रंग तपकिरी झाला. पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. चार वेळा. पाचव्या वेळी तवा काळा झाला आणि त्यात शेडचं दार, खिडकी आणि ठिणगीचं नाक दिसायला लागलं. तिचे हात काही विसरले नव्हते.

"अंडं आहे का कुणाकडे?" तिने विचारलं.

भंगारवाल्याच्या टेम्पोत डझनभर निघाली, घरी न्यायला घेतलेली. तो आनंदाने घेऊन आला. आत्याने पहिलं फोडलं. चर्र झालं. कड पांढरी झाली, जाळी सुटली. सगळे शेगडीभोवती उभे राहिले. आत्याने मूठ धरली आणि तवा जरासा तिरका केला.

अंडं सर्रकन घसरलं, पार कडेपर्यंत, आणि परत आलं.

"ओहोहो!" मास्तरने टाळी वाजवली. ठिणगीने आत्याला मिठी मारली. भंगारवाला म्हणाला, "बाई, हा आता काही मला मिळत नाही."

"तुला यातला एकही मिळत नाही," आत्या म्हणाली. "अंड्यांबद्दल मात्र तू जेवून जा. एक ते नऊ माझे. सहा नंबर फुटका आहे, तोही माझाच, मी कमावलेला आहे."

"आणि बाकीचे पंधरा?" ठिणगीने विचारलं.

"ते दादाचे. आज घरी नेईल. स्वतः उचलून."

"मी दिवाणखान्यात मांडते," वहिनी म्हणाली. "सोफ्यासमोर. पाहुणे विचारतील, हे काय, म्हणजे यांनाच सांगू दे." दादाने मान हलवली. त्याने एकदाही कंबर दुखते म्हटलं नाही. टेम्पोत तवे चढवताना भंगारवाला हात लावायला गेला तर त्यालाही नको म्हणाला.

शेवटी सगळे उलट्या खोक्यांवर जेवायला बसले. पाव, अंडी, कापलेला कांदा. दादा सगळ्यात टोकाला बसला, हात गंजाने लालभडक, समोर रिकामा पेला. आत्याने तांब्या उचलला. मास्तरचं तोंड सवयीने उघडलं. वहिनीने त्याच्या पाठीत कोपर मारलं, तसं ते मिटलं.

आत्या एकेकाचा पेला भरत टोकापर्यंत गेली आणि दादासमोर थांबली.

"दादा, तू कधीच म्हणाला नाहीस मला, सांभाळ, पाणी आहे. एकदाही नाही. मला वाटायचं, माझ्यावर माया आहे म्हणून."

"माया पण होती गं, चिमे," दादा म्हणाला. 

"असेल," आत्या म्हणाली. तिने तांब्या तिरका केला. पेला काठोकाठ भरेपर्यंत ओतत राहिली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, खणखणीत आवाजात म्हणाली,

"सांभाळ रे दादा, पाणी आहे."

कुणी हसलं नाही. दादाने पेला दोन्ही हातांनी धरला.